जर्मनची नाव

वाशीम जिल्हा आणि नाव हे दोन शब्द शेजारी-शेजारी ठेवले, तर वसई-उत्तनकडील आमचे वाचक बहुधा हसतील. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर दूर. भूमी काळी, पिके कापूस, तूर आणि सोयाबीन यांची, आणि उन्हाळ्यात विहिरींचे तळ दिसणारे. तथापि इतिहासाचा धागा धरून मागे गेलो, तर या हसण्याला फारसा आधार उरत नाही. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेचा राजा हरिषेण पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात राज्य करीत होता. त्याचा अमात्य वराहदेव याने अजिंठ्याचे सोळाव्या क्रमांकाचे लेणे कोरवून घेतले. त्याच काळातील सतराव्या लेण्यात सिंहल अवदानाचे भव्य चित्र आहे. त्यात हत्ती, घोडे आणि भालाईत घेऊन पैलतीरी निघालेल्या नावा रंगविलेल्या आहेत. दुसऱ्या लेण्यात तर तीन डोलकाठ्यांचे गलबत दिसते, त्यावर पाण्याचे रांजणही ओळीने मांडलेले आहेत. समुद्रापासून इतक्या दूर, डोंगराच्या पोटात, ज्यांनी ही चित्रे काढली त्यांना नाव कशी असते, ती किती भार घेते आणि तिच्यात पाणी का साठवावे लागते, हे ठाऊक होते एवढे निश्चित.

भूगोल पाहिला तर वाशीम हे पाण्याच्या वाटणीचे ठिकाण आहे. येथे उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेकडे अकोल्याच्या दिशेने जाते, पूर्णेला मिळते, आणि तिचे पाणी तापीवाटे अरबी समुद्रात पोचते. पूस, अरुणावती, अडाण या नद्यांचे पाणी मात्र पैनगंगेत, तेथून वर्धेत, प्राणहितेत आणि गोदावरीत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. एका पावसाच्या दोन सरी दोन वेगळ्या समुद्रांना जाव्यात असा हा प्रदेश. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन हा जिल्हा झाला. स्वातंत्र्यानंतरच्या काळात येथे जी धरणे आणि तलाव बांधले गेले, त्यांत अडाण, सोनल, एकबुर्जी ही नावे तेथल्या माणसाच्या तोंडी नित्याची आहेत. पुढे पैनगंगेवर बॅरेजेसची मालिका उभी राहिली. पूर्वी जेथे आठ महिने वाळू दिसे तेथे आता पाणी अडलेले असते. पाणी अडले म्हणजे मासा आला, मासा आला म्हणजे भोई बांधव आले, आणि त्यांच्या मागोमाग नावेचा प्रश्न आला.

वाशीमकडच्या आमच्या काही परिचितांत हा प्रश्न अलीकडे फार चर्चिला जातो. पाच-सात कुटुंबांनी मिळून एक लहान मोटारबोट घ्यावी. एरवी ती जाळी टाकायला चालेल, आणि पुराच्या दिवसांत नदीपलीकडच्या वस्तीवरील बाळंतीण किंवा आजारी माणूस आणायला उपयोगी पडेल, असा विचार. बोट कशाची घ्यावी? लाकडाची, फायबरची, रबराची, की ॲल्युमिनियमची? मोटार किती अश्वशक्तीची? विक्रेते आपापला माल चांगला सांगतात, हे सांगायला नकोच. आम्ही दर्यावर्दी नव्हे. परंतु लहान बोटीचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास चाळला, तर यातील बहुतेक प्रश्नांची उत्तरे कोणी ना कोणी, बरेचदा मोठी किंमत मोजून, आधीच शोधून ठेवलेली आढळतात. म्हणून हा प्रपंच.

आधी जुन्या साधनांविषयी थोडे. पूर्व विदर्भात एका झाडाचे खोड कोरून केलेला डोंगा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. डोंगा उथळ पाण्यात चालतो, बांबूने ढकलता येतो, आणि कोणत्याही कारखान्याचे उपकार त्यावर नसतात. पण तो अरुंद आणि डळमळता. आणि तेवढ्या घेराचे झाड आता कोठे मिळणार? पश्चिम महाराष्ट्रात गुळाच्या गुऱ्हाळातील काहील नदीत ढकलून माणसे पलीकडे नेण्याची रीत होती. तिला ना नाळ ना सुकाणू, ती गरगरत जाते. तलावांवर आज मोटारीच्या चाकातील ट्यूब, थर्माकोलचे तुकडे बांधून केलेला तराफा, लोखंडी पत्र्याची चौकोनी पेटी अशी नाना साधने दिसतात. गरिबीने शोधलेल्या युक्त्या आहेत त्या. त्यांची कोणी टिंगल करू नये. परंतु त्यांच्यापैकी एकही वाऱ्याशी किंवा प्रवाहाशी झुंजण्यासाठी केलेली नाही.

आणि झुंजावे लागते. १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यात, वरुड तालुक्यातील झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटली आणि एकाच नातेगोत्यातील अकरा जण बुडाले. दशक्रियेसाठी जमलेली ती माणसे होती. त्याआधी ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे, कृष्णेच्या महापुरात, गावकऱ्यांना सुरक्षित जागी नेणारी बोटच उलटली. तीत क्षमतेहून पुष्कळ अधिक माणसे होती आणि डझनाहून अधिक जणांचा अंत झाला. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात वादळी वाऱ्याने प्रवासी बोट उलटून सहा जण गेले. या तिन्ही घटनांत समुद्र नव्हता. जमिनीच्या आतले पाणी, ओळखीचा काठ, आणि लहान नाव. म्हणून बोट विकत घेण्यापूर्वी करावयाची तुलना ही केवळ पैशांची तुलना नव्हे.

आता धातूकडे वळू. ॲल्युमिनियमला मराठी घरात जे नाव आहे ते किती जणांना आठवते? आमच्या आजीच्या पिढीत ‘जर्मनची भांडी’ म्हणत; कोठे ‘जर्मल’. तांब्यापितळेची भांडी विकून जर्मनचे पातेले घेणे हे त्या काळी घर खाली आल्याचे लक्षण मानले जाई. परंतु या धातूची जन्मकथा नेमकी उलटी आहे. १८२५ साली डॅनिश शास्त्रज्ञ अर्स्टेड यांनी तो प्रथम वेगळा केला, तेव्हा तो दुर्मिळ होता. तिसरा नेपोलियन खास पाहुण्यांसमोर ॲल्युमिनियमचे काटे-चमचे मांडी अशी ख्याती आहे. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोन तरुणांनी, एकमेकांची वार्ता नसताना, विजेच्या साहाय्याने तो काढण्याची एकच रीत शोधली आणि त्याचा भाव कोसळला. त्यानंतर पाच-सहा वर्षांतच नाव आली. १८९१च्या सुमारास झुरिकच्या एशर-वीस कारखान्याने आल्फ्रेड नोबेल यांच्यासाठी ‘मिन्यॉ’ नावाची ॲल्युमिनियमची छोटी नौका बांधली. होय, ज्यांच्या नावे पारितोषिके दिली जातात तेच नोबेल.

पण हलकेपणाचा मोह पुढच्यांना महाग पडला. १८९५ साली अमेरिकेने ‘डिफेंडर’ नावाची शर्यतीची नौका उतरविली. तिचे पाण्याखालचे अंग कांस्याचे, वरचे ॲल्युमिनियमचे, आतील सांगाडा पोलादाचा. ती त्या वर्षीची मानाची शर्यत जिंकली. परंतु खाऱ्या पाण्यात हे निरनिराळे धातू एकमेकांना भिडल्याने ॲल्युमिनियम झपाट्याने खाल्ले गेले आणि १९०१ साली ती मोडीत निघाली. ज्या गृहिणीने जर्मनच्या पातेल्यात चिंचेची आमटी रात्रभर ठेवली असेल, तिला यात नवल वाटणार नाही. सकाळी भांड्याच्या बुडाला बारीक खड्डे दिसतात. आंबट आणि खारट यांचे या धातूशी वैर आहे, आणि तांबे-पितळ जवळ असेल तर ते वैर दुणावते. पुढे धातुशास्त्रज्ञांनी तांब्याऐवजी मॅग्नेशियम मिसळून मिश्रधातू तयार केले आणि हे वैर बरेच शमले. आज बोटीसाठी जो पत्रा वापरतात तो या मॅग्नेशियमच्या जातीचा. बाजारात त्याला ५०५२ आणि ५०८३ असे क्रमांक आहेत. पहिल्यात मॅग्नेशियम सुमारे अडीच टक्के, दुसऱ्यात चार टक्क्यांहून थोडे अधिक. विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारावा. तो क्रमांक सांगू शकला नाही, तर पत्रा पातेल्याच्या जातीचा असण्याचा संभव धरून चालावे.

ही नाव सामान्य माणसाच्या आवाक्यात आली ती दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी. ग्रमन या विमाने बांधणाऱ्या अमेरिकन कंपनीतील विल्यम हॉफमन हे अधिकारी १९४४ साली सुटीवर गेले असता, लाकूड आणि किंतानाची जड होडी खांद्यावरून वाहताना त्यांना वाटले की विमानाच्या पत्र्याची होडी का करू नये. युद्ध संपत आले होते, कारखान्यांना नवे काम हवे होते. १९४५ साली तशा होड्या बाजारात आल्या. पत्रा ताणून आकार द्यायचा आणि विमानाप्रमाणे रिव्हेट मारून जोडायचा. त्यानंतर अमेरिका आणि कॅनडा येथील तळ्यांवर अशा लहान नावा हजारोंनी पसरल्या. आपल्याकडे धातू होता, खनिजही होते. कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड आणि राधानगरी भागातील बॉक्साइट बेळगावच्या कारखान्यात जाई. सह्याद्रीच्या माथ्यावरची ती तांबडी माती आमच्यापैकी अनेकांनी पाहिलेली आहे. तिची भांडी झाली, विजेच्या तारा झाल्या, बसगाड्यांचे पत्रे झाले. नावा मात्र फारशा झाल्या नाहीत. किनाऱ्यावर सागवान आणि पुढे फायबर यांनीच राज्य केले, आणि खाऱ्या पाण्याचा विचार करता कोळी बांधवांचा तो निर्णय चुकीचा होता असे म्हणवत नाही. परंतु वाशीमचे पाणी गोडे आहे. डिफेंडरचा काळ ठरलेला खारेपणा तेथे नाहीच.

मोटारीची कथा थोडक्यात सांगतो. नावेच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायची आणि काम झाले की काढून घरी न्यायची, अशी मोटार प्रथम फ्रान्समध्ये गुस्ताव त्रुवे यांनी १८८१ साली सेन नदीवर चालवून दाखविली. आणि ती विजेवर चालणारी होती, हे विशेष. पेट्रोलवरची मोटार लोकप्रिय केली ती ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मून अमेरिकेत वाढलेल्या यंत्रकाराने. वाग्दत्त वधूसाठी तळ्यापलीकडून वल्हवत आइस्क्रीम आणताना ते वितळून गेले, म्हणून त्याने ही मोटार बनविली अशी गोष्ट सांगतात. १९०९ साली त्याचा व्यवसाय उभा राहिला. पुढे जॉन्सन, मर्क्युरी, आणि १९६०च्या दशकापासून जपानच्या यामाहा, सुझुकी, होंडा यांनी हे क्षेत्र व्यापले. ज्या नावाने ही मोटार घरोघरी पोचली त्या एव्हिनरूडचे उत्पादन २०२० साली बंद झाले. जुनी एव्हिनरूड स्वस्तात मिळते म्हणून घेऊ पाहणाऱ्याने हे साल लक्षात ठेवावे. सुट्या भागांचा प्रश्न पुढे अधिक बिकट होत जाणार.

भारतात या मोटारीचा खरा इतिहास केरळ आणि कन्याकुमारीच्या किनाऱ्यावर घडला, आणि त्यात आपल्या समाजाचा मोठा वाटा आहे. १९५३ साली कोल्लमजवळ नींदकरा येथे भारत-नॉर्वे प्रकल्प सुरू झाला. हेतू चांगला होता. पण मोठ्या यांत्रिक नौका आणि कोळंबीचा परदेशी बाजार यांत लाभ झाला तो मुख्यत्वे भांडवल असणाऱ्यांचा, आणि काठावरचा कट्टुमरमवाला मागे राहिला. कट्टुमरम म्हणजे ओंडके एकत्र बांधून केलेला तराफा. त्यासाठी लागणारे हलके लाकूड दिवसेंदिवस मिळेनासे झाले. अशा वेळी कोट्टार धर्मप्रांताच्या समाजसेवा संस्थेने मुट्टम या गावी बोटबांधणीचे केंद्र उभारले. तेथे पिएर जिले नावाचे बेल्जियन अभियंते कामाला लागले. प्लायवूडच्या पाट्या तारेने शिवून, सांध्यांवर काचतंतूची पट्टी रेझिनने चिकटवून बोट करण्याची रीत त्यांनी तेथे रुजविली. त्या अनुभवावर त्यांनी १९८५ साली पुस्तक लिहिले. ‘लहान ते सुंदर’ या त्या काळच्या घोषणेला उत्तर म्हणून त्याचे नाव त्यांनी ‘लहान ते अवघड’ या अर्थाचे ठेवले. आम्हांला हे नाव फार प्रामाणिक वाटते.

मुट्टमच्या लोकांनी तुलना कशी केली ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी कागदावरची अश्वशक्ती पाहिली नाही. नमुन्याची बोट बांधायची, ती मच्छीमारांच्या हाती द्यायची, त्यांनी ती लाटांतून काठावर आपटवत आणायची, कोठे चिरते, कोठे पाणी धरते, वाळूवरून ओढायला किती माणसे लागतात, ते पाहायचे, आणि मग आराखडा बदलायचा. काही नमुने लोकांनी नाकारले. नाकारलेल्या बोटी अभियंत्याच्या दृष्टीने उत्तम होत्या. परंतु त्यांत बसून जाळे ओढताना मच्छीमाराच्या पाठीला त्रास होत असेल, किंवा चार माणसांना ती वाळूवर चढत नसेल, तर त्या उत्तमपणाचे काय करायचे? पुढे १९८०च्या दशकात दक्षिण भारतीय मच्छीमार संघांच्या महासंघाने बोटींबरोबर मोटारींची आयात आणि दुरुस्तीही हाती घेतली. या मागे मरियनाडसारख्या कॅथलिक कोळी गावांतून उभी राहिलेली सहकारी चळवळ होती. मोटार विकणारा आणि ती दुरुस्त करणारा एकच असेल, आणि तो गावाला उत्तर द्यायला बांधील असेल, तर बोट चालू राहते. नाहीतर ती दोन पावसाळ्यांत काठावर उलटी पडते.

अर्थात या मोटारींनी सुखच आणले असे नाही. शेजाऱ्याने आठ अश्वशक्तीची घेतली की दुसऱ्याने पंधराची, तिसऱ्याने पंचविसाची, अशी शर्यत लागली. मोटार चार-पाच वर्षांत थकते, रॉकेल रोज लागते, आणि कर्ज मात्र थकत नाही. मासा तेवढाच. हा इतिहास वाशीमच्या तलावावर बसून वाचण्याजोगा आहे, कारण तलाव तर समुद्रापेक्षा कितीतरी लहान.

दोन घटना आणखी. २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मदतीच्या ओघात फायबरच्या बोटींचा पाऊस पडला. देणाऱ्यांनी संख्या मोजली, जाडी मोजली नाही. कित्येक बोटी कच्च्या निघाल्या आणि काही गावांत मासेमारांहून बोटी अधिक झाल्या, असे अनुभवी संस्थांनी पुढे लिहून ठेवले. याउलट ऑगस्ट २०१८च्या महापुरात केरळच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांनी, ज्यांत लॅटिन कॅथलिक आणि मुसलमान बांधव मोठ्या संख्येने होते, आपल्या बोटी ट्रकवर चढवून आतल्या बुडालेल्या गावांत नेल्या. सुमारे साडेचार हजार मच्छीमार आणि साडेसहाशेहून अधिक बोटी. त्यांनी वाचविलेल्या लोकांची संख्या सुमारे ६५ हजार सांगितली जाते. बोट ट्रकवर चढते का, चार-सहा माणसांना उचलते का, हा प्रश्न त्या दिवशी इतर सर्व प्रश्नांपुढे गेला.

येथून वाशीमकडे परत येऊ. वाशीमच्या नावेला मुख्यतः तीन गोष्टी कराव्या लागतील: उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यात चालणे, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढून एका पाणवठ्याहून दुसऱ्यावर जाणे, आणि पुरात बाभळीच्या व कुंपणाच्या तारांच्या वरून सरकणे. हवा भरलेली रबरी बोट आपत्तीच्या पथकांना प्रिय असते, कारण ती घडी करून नेता येते आणि तिचे हवेचे कप्पे वेगवेगळे असल्याने एक फुटला तरी ती तरंगते. पण बुडालेल्या शेतातील बाभळीचे काटे आणि काटेरी तार यांच्यापुढे तिची परीक्षा फार कठीण. प्रशिक्षित पथक तिला सांभाळते, गावाला ते जमेलच असे नाही. शिवाय वर्षभर उन्हात पडून राहिली तर तिचे सांधे सुटतात. फायबरची बोट सुबक, सांध्याविना, आणि कोठेही दुरुस्त करता येणारी. मात्र खडकावर घासली की वरचा थर जातो आणि आत पाणी झिरपू लागते. लाकडाची बोट सर्वांत देखणी, यात शंका नाही; पण आठ महिने पाण्यात आणि चार महिने रणरणत्या उन्हात ठेवली की फळ्या आकसून तिच्यातून दिवसाउजेडी आभाळ दिसू लागते.

उरली जर्मनची. तिचे वजन हाच तिचा मोठा गुण. पोलाद पाण्याच्या सुमारे पावणेआठ पट जड, ॲल्युमिनियम केवळ २.७ पट. चौदा फुटी साधी नाव शंभर किलोच्या आसपास भरते. चार माणसे ती उचलून ट्रॉलीत ठेवू शकतात. खडकावर आपटली तर तिला पोचा येतो, ती सहसा फुटत नाही, आणि पोचा लाकडी हातोड्याने बाहेर काढता येतो. तिचे दोषही सांगावयास हवेत. उन्हात ती तव्यासारखी तापते. पत्र्यावर लाटा आदळून आवाज एवढा होतो की मासे पळतात, अशी तक्रार असते. वजनाने हलकी म्हणून वाऱ्यावर ती लवकर सरकते. आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ॲल्युमिनियमचे वेल्डिंग नीट करणारा कारागीर शोधावा लागतो. लोखंडाचा वेल्डर ते करू गेला तर पत्रा वितळून भोक पडते. रिव्हेटची नाव स्वस्त असते, पण काही वर्षांनी रिव्हेट ढिले होऊन पाणी झिरपते. वेल्डिंगची नाव थोडी जड आणि महाग, पण सांधा पक्का. वाशीमच्या दगडधोंड्यांच्या काठासाठी आम्ही वेल्डिंगच्या बाजूने कौल देऊ, आणि बुडाचा पत्रा अडीच-तीन मिलिमीटरहून पातळ नसावा असा आग्रह धरू. बुड सपाट हवे. सपाट बुडाची नाव मोठ्या लाटांत आपटते हे खरे, पण अडाणच्या पाण्यात तेवढ्या लाटा येण्याचे दिवस वर्षातून किती? त्या दिवशी नाव काढूच नये, हे अधिक सोपे.

मोटारीच्या बाबतीत एक लहानसा हिशेब उपयोगी पडतो, आणि तो विक्रेते क्वचितच सांगतात. पाणी कापत जाणाऱ्या नावेचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. तेरा-चौदा फुटी नाव ताशी साधारण नऊ किलोमीटरच्या पलीकडे सहजासहजी जात नाही. त्यापुढे मोटार वाढवली तरी नाव फक्त नाळ वर करून पाणी उकरते. त्याहून वेगाने जायचे तर नावेला पाण्यावर उठून सरपटत जावे लागते, आणि त्याला हलके बुड, कमी माणसे आणि जास्त अश्वशक्ती लागते. म्हणजे जाळ्यासाठी घेतलेली सहा-आठ अश्वशक्तीची मोटार तलावावर पुरेशी आहे. परंतु पैनगंगेचा लोंढा ताशी दहा किलोमीटरने येत असेल, तर तीच नाव जागच्या जागी उभी राहील किंवा मागे जाईल. पुरासाठी नाव हवी असेल तर पंधरा ते पंचवीस अश्वशक्ती आणि ती पेलणारी मागची फळी हवी. पंधरा अश्वशक्तीची फोर-स्ट्रोक मोटार सुमारे पन्नास किलो भरते, टू-स्ट्रोक पस्तीस-छत्तीस. एवढे वजन फळीच्या टोकाला लोंबते, तेथे चालक बसतो, तेथेच इंधनाची टाकी असते. मग नाळ आकाशाकडे आणि पाणी मागून आत. एका नावेने दोन्ही कामे करावीत ही इच्छा स्वाभाविक आहे, परंतु आमच्या मते तलावाची मोटार लहान घ्यावी, आणि पुराचे काम, जिथे शक्य असेल तिथे, प्रशिक्षित पथकावर सोपवावे.

किती माणसे बसवावीत, यासाठी अमेरिकेच्या तटरक्षक दलाचा एक साधा नियम वीस फुटांखालच्या नावांना लागू होतो: लांबी आणि रुंदी फुटांत घेऊन गुणाकार करावा आणि पंधराने भागावे. चौदा फूट लांब, पाच फूट रुंद नाव. सत्तर भागिले पंधरा. म्हणजे चार, फार तर पाच माणसे, तीही अडुसष्ट किलोच्या सरासरीने. हा आकडा ऐकून पुष्कळ गावकरी हसतील. ब्रह्मनाळचा दिवस मनात आणावा. त्याच देशात १९७८पासून आणखी एक अट आली: बाहेरच्या मोटारीची लहान नाव पाण्याने भरली तरी आडवी तरंगत राहिली पाहिजे, बुडता कामा नये किंवा एका टोकावर उभी राहता कामा नये. ॲल्युमिनियम स्वतः तरंगत नाही, हे विसरू नये. म्हणून बाकांखाली आणि कडेने बंद कप्प्यांत फोम भरलेला हवा. तो आहे असे सांगितले जाते. खात्री करायची तर पैसे देण्यापूर्वी काठावर उथळ पाण्यात नाव मुद्दाम भरून पाहावी. चांगला विक्रेता याला हरकत घेत नाही.

आणखी दोन-तीन बारीक गोष्टी. अनेक जलाशयांत बुडालेल्या झाडांचे खुंट असतात. पंखा खुंटाला लागला की मोटारीतील एक छोटी पिन तुटते आणि गिअर वाचतो. ती पिन मुद्दाम मऊ केलेली असते. तिच्या जागी खिळा ठोकणाऱ्या हुशार माणसाने पुष्कळ गिअर मोडले आहेत. दोन-चार पिना आणि पक्कड नावेतच बांधून ठेवावी. चालकाच्या मनगटाला बांधायची एक दोरी असते. तो पाण्यात पडला तर तीमुळे मोटार बंद पडते, आणि पंखा त्याच्याच अंगावर फिरत नाही. आणि मोटार मागच्या फळीला किती उंचीवर बसते, म्हणजे तिचा दांडा पंधरा इंची आहे की वीस इंची, हे फळीच्या उंचीशी जुळवून घ्यावे. चुकीचा दांडा घेतला तर पंखा एकतर हवा कापतो, नाहीतर चिखल.

एकबुर्जीचे पाणी वाशीम शहर पिते. जुन्या धाटणीची टू-स्ट्रोक मोटार इंधनाचा चौथा हिस्सा, कधी त्याहून अधिक, न जळताच पाण्यात सोडते. पाण्यावर तेलाचा इंद्रधनुषी तवंग दिसतो तो यामुळे. अशा जलाशयावर फोर-स्ट्रोक, आणि कामाला पुरत असेल तर विजेवरची लहान मोटार, हाच न्याय्य पर्याय. केरळमध्ये वैकोम येथे जानेवारी २०१७पासून पंच्याहत्तर प्रवाशांची सौरऊर्जेवरची ‘आदित्य’ बोट चालते. त्रुवे यांची १८८१ची युक्ती अशी एकशे पस्तीस वर्षांनी नदीखाडीवर परत आली. कायद्याचे म्हणाल तर १९१७चा आंतरदेशीय नौका कायदा जाऊन २०२१चा नवा आला आहे. नोंदणीसाठी महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड, आणि जलाशयावर उतरण्यासाठी जलसंपदा खात्याची परवानगी. ही कामे नाव घेण्याआधी करावीत, नंतर नव्हे.

जाता जाता एका जुन्या नावेची माहिती देतो. १९८६ साली दुष्काळात गालील सरोवराचे पाणी ओसरले, तेव्हा गिनोसार येथील दोन कोळी भावांना चिखलात एक नाव सापडली. तज्ज्ञांनी ती ख्रिस्तकालीन, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची ठरविली. लांबी सव्वाआठ मीटर, रुंदी सव्वादोन. गोड्या पाण्याची, उथळ बुडाची, अगदी वाशीमच्या तलावावर शोभेल अशी. तिच्यात दहाहून अधिक जातींचे लाकूड आढळले. बांधणाऱ्याने किंवा दुरुस्त करणाऱ्याने जे हाताशी आले ते ठिगळासारखे बसविले होते. तिला बाहेर काढण्यासाठी फोमचे आवरण घालून पाण्यावर तरंगवत न्यावे लागले, आणि पुढे अनेक वर्षे मेणाच्या द्रावणात बुडवून ठेवावी लागली. शेवटी तिच्या कामाचे काही भाग, पुन्हा वापरता येतील असे, तिच्या मालकाने सोडविण्यापूर्वीच काढून घेतले होते. मग रिकामे बुड त्याने पाण्यात लोटून दिले.